सात नंबरचं अस्वल

९ जानेवारी

सूनबाईस,

आशीर्वाद लिहू की नमस्कार, यात अर्धा तास गेला. दोन्ही समज आणि पुढे वाच.

हे पत्र घरगुती नाही, ही तक्रार आहे. खरं तर तुमच्या कंपनीच्या साहेबांनाच लिहिणार होते. पण चिरंजीव म्हणाले की तुमच्या कंप्युटरच्या खेळातल्या कुठल्या जनावराला किती जागा लागते, हे ठरवण्याचं काम तुझंच आहे. मग तक्रार तुझ्याकडेच यायला हवी. पोस्टानं पाठवते आहे, कारण माझा फोन तू उचलत नाहीस. तुम्ही वेगळं बिऱ्हाड केल्यापासून, पाच महिने झाले. मी काही मोजत बसलेली नाही, कॅलेंडर समोरच टांगलेलं आहे.

झालं असं की चिरंजीव रविवारी येतात, एकटेच, जेवतात आणि मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात. मागच्या खेपेला मी विचारलं, "अरे, ती नेमकं करते तरी काय? मी सगळ्यांना सांगते की ती कंप्युटरवर चित्रं काढते." त्यानं कपाळाला हात लावला. मग तुझ्या खोलीत तुझा जुना कंप्युटर आहे, त्यावर तो खेळ लावून दिला. म्हणाला, "हे बघ. प्राणिसंग्रहालय बांधायचं, जनावरं आणायची, त्यांना सुखात ठेवायचं. जमतंय का बघ." आणि गेला निघून. जमतंय का बघ म्हणे! मला!

मी एकतीस वर्षं मुलींचं वसतिगृह चालवलेलं आहे. साठ खोल्या, एका खोलीत चार, दोनशे चाळीस मुली, आणि संध्याकाळच्या हजेरीला कधी एक डोकं कमी भरलं नाही. जागा कशी वाटायची हे मला तुमचं यंत्र शिकवणार?

मी रीतसर बांधलं. मधून लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना सहा-सहा असे एकूण बारा पिंजरे, सगळे एका मापाचे, सगळ्यांची तोंडं व्हरांड्याकडे. म्हणजे एका टोकाला उभं राहिलं की सगळं दिसतं. रेक्टरच्या ऑफिससाठी तुमच्या खेळात सोयच नाही, त्याची वेगळी नोंद घे. जनावरांना खोल्या दिल्या त्या अर्जाच्या क्रमानं, म्हणजे जे आधी आलं त्याला आधी. त्यामुळे तीन नंबरला हरीण आणि लांडगा एकत्र आले. पहिल्याच संध्याकाळी हजेरीला हरीण गैरहजर. लांडगा हजर होता आणि तोंड चाटत होता. खोली बदलून मागण्यासाठी हरणानं अर्ज तरी कुठे करायचा, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. आठ नंबरचं साळिंदर कुंपणाखालून उकरून पसार झालं. ती माझी चूक, पाया कच्चा राहिला होता.

आता मूळ तक्रार. सात नंबरला अस्वल आहे. तुमच्याच यादीत लिहिलं आहे, अस्वलाला सहाशे चौरस मीटर जागा. मी वीस बाय तीसचा पिंजरा दिला. सहाशे होतात, कागदावर करून बघितलं. आणि तुमचं यंत्र लाल अक्षरांत सांगतं की जागा अपुरी आहे, तीनशे अठ्ठ्याऐंशीच भरते. उरलेली दोनशे बारा कुठे गेली? लांडग्यानं खाल्ली?

खुलासा व्हावा. तू घरी यावंस म्हणून हे लिहीत नाही, हे स्पष्ट करते. आलीस तर दार उघडंच असतं. आपल्या घरात दारं लावून बसायची पद्धत नाही, ते तुला माहीत आहे.

तुझी सासू
(तक्रारदार या नात्यानं)


२१ जानेवारी

सूनबाईस,

उत्तर मिळालं. वर टाईप केलेलं, "प्रिय खेळाडू, आपल्या अभिप्रायाबद्दल आम्ही आभारी आहोत." प्रिय खेळाडू! अगं, सासू आहे मी तुझी. एकोणसत्तराव्या वर्षी कोणी मला खेळाडू म्हणेल असं वाटलं नव्हतं. शाळेतसुद्धा मला लंगडीत कोणी घ्यायचं नाही.

पण खाली तुझ्या हातची दोन वाक्यं आहेत. "तलाव, खडक आणि झाडांची खोडं धरत नाहीत. जनावराला पाऊल टाकता येईल तेवढीच जागा मोजतात." वर 'आई' नाही, खाली सही नाही. तरी अक्षर तुझंच. 'ळ' अजून उलट्या चष्म्यासारखाच काढतेस.

मला पटलं नव्हतं, हे आधी सांगते. आमच्याकडे पलंगाखालची जागासुद्धा धरायचे, ट्रंका राहतात म्हणून. खोलीच्या मापात भिंतीची जाडीही धरायचे. तसं केलं नसतं तर दोनशे चाळीस मुली बसल्या असत्या का? पण म्हटलं, बघू करून. तलाव छोटा केला, मोठे खडक काढले आणि कुंपण व्हरांड्याकडे चार हात सरकवलं. पडद्यावरची जागेची पट्टी हिरवीगार झाली. तुझ्या ओळीचा उपयोग झाला, हे मी लेखी कबूल करते.

तरीही अस्वलाचं काही खरं नाही. ते कुंपणाच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं, वळतं आणि परत येतं. काल दुपारी मी चव्वेचाळीस फेऱ्या मोजल्या. खाणं समोर पडलेलं असतं, बघत नाही. वर पाटी येते, 'अस्वल तणावात आहे.' मी म्हटलं, कसला ताण रे बाबा तुला? परीक्षा आहे का तुझी?

व्यवस्था तर चोख आहे. पिंजऱ्यात पूर्वी झुडपं होती. त्यांच्या आड गेलं की व्हरांड्यातून अस्वल दिसायचं नाही, म्हणून मी ती सगळी काढून टाकली. एक कोपरा नजरेआड राहता कामा नये, हा माझा पहिला नियम. नजरेआड झालं की भानगड होते, हे एकतीस वर्षांत मी शंभरदा पाहिलं आहे. प्रेक्षक मात्र खूश आहेत. कुंपणाला नाकं लावून उभे असतात आणि त्यांच्या सगळ्या पट्ट्या हिरव्या.

आता विषय निघालाच आहे म्हणून. परवा चिरंजीवांना विचारलं, "तिला आपल्या घरात कमी काय होतं रे? बारा बाय चौदाची खोली, मोठी खिडकी, वेगळं टेबल." त्यानं खाली मान घालून जेवण उरकलं. हा मुलगा लहानपणी दिवसभर बडबडायचा, आता शब्द तोंडातून ओढून काढावा लागतो.

त्या दिवशीचं तुझ्या मनात असेल तर सांगते. मी इस्त्रीचे कपडे द्यायला आले होते. समोर कंप्युटरच्या आत अकरा माणसं बसली आहेत, हे मला काय स्वप्न पडलं होतं? "आज तरी केस धुणार आहेस का?" हे मी काळजीपोटी विचारलं. त्यात त्या टकल्या साहेबाला फिदीफिदी हसायचं काय कारण होतं? तुला एवढं होतं तर दार आतून लावून घ्यायचंस. कडी नव्हती, हे खरं आहे. जुनी होती, पडली असेल.

अस्वलाचं काय करायचं ते कळव.

तुझी सासू


४ फेब्रुवारी

सूनबाईस,

तुझं पत्र मिळालं. या खेपेला 'प्रिय खेळाडू' नाही म्हणून बरं वाटलं, पण काहीच नाही हेही बरं नव्हे. दोनच ओळी. "झुडपं परत लावा. जागेची पट्टी नका बघू, एकांताची बघा."

अशी पट्टी आहे हेच मला ठाऊक नव्हतं. जागा, निवारा, अन्न, सोबत एवढंच मी बघायचे. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एकांत लिहिलेलं आहे. सात नंबरच्या अस्वलाच्या नावापुढे पूज्य. मग चाळीस मिनिटं बसून बाराही पिंजरे तपासले. सगळीकडे पूज्य. फक्त साळिंदराचा पूर्ण भरलेला, आणि ते पळून गेलेलं.

मला हे झेपत नाही. अस्वलाला एकांत हवाय कशाला? त्याला काय कोणाला पत्र लिहायचं आहे? पण तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून दोन झुडपं लावली. लहानच लावली, गुडघ्याएवढी, म्हणजे त्याचंही समाधान आणि माझाही नियम मोडत नाही. अस्वल धावत गेलं आणि त्यात डोकं खुपसून बसलं. डोकं आत आणि बाकी सगळं अस्वल बाहेर. त्या मागच्या बाजूचे फोटो काढायला प्रेक्षकांची ही झुंबड! मला मेलीला हसू आवरेना. मग पाटी आली, ताण वाढला आहे. तेव्हा हसायची लाज वाटली.

एक कबूल करायचं आहे. मी त्या झुडपात सारखी डोकावत होते. तुमच्या खेळात माणूस पार आत जाऊन बघू शकतो. बरं आहे ना, श्वास घेतंय ना, एवढंच बघायचं होतं. दर पाच मिनिटांनी बघत होते. मी डोकावले की ते उठायचं आणि पुन्हा कुंपणाच्या फेऱ्या सुरू. मी दिसत नाही ना त्याला? मग कळतं कसं?

कडीबद्दल मागच्या पत्रात लिहिलं ते अगदी तसंच नव्हतं. पडली नव्हती. सैल झाली होती म्हणून काढून ठेवली होती, सुताराला सांगणार होते. हल्ली सुतार वेळेवर मिळत नाहीत, तुला कल्पना आहेच.

चिरंजीव म्हणाले तुला सर्दी झाली आहे. वाफ घे.

तुझी सासू


१९ फेब्रुवारी

सूनबाईस,

तुझं उत्तर नाही आलं. पोस्टमनला जिन्यात गाठून दोनदा विचारलं. आता मी दिसले की तो लांबूनच हात हलवतो.

आज अस्वलाचं काही लिहीत नाही. माझी दाढ दुखत होती म्हणून काल दातांच्या दवाखान्यात गेले होते. नवी डॉक्टरीण आहे, पंचेचाळिशीची असेल. तिनं इंजेक्शन दिलं, तोंडात दोन्हीकडे कापूस कोंबला, ती नळी अडकवली आणि मग मास्क खाली करून म्हणाली, "ओळखलंत का रेक्टरबाई? बारा नंबरची खोली, खिडकीजवळचा पलंग."

मला इतका आनंद झाला! माझी मुलगी डॉक्टर झाली, माझ्याच दाढेवर तिचा हात! मी "आ आ" केलं. ती गप्पा मारत काम करायला लागली. जेवण बरं असायचं म्हणाली. माझ्या चपलांचा आवाज अजून स्वप्नात येतो म्हणाली. मग हसत हसत, अगदी सहज, "पण बाई, रडायला जागा नव्हती हो तिथे. खोल्यांना कड्या नाहीत. कधी कोण येईल पत्ता नाही. न्हाणीघराला तेवढी कडी होती, म्हणून आम्ही तिथे जाऊन रडायचो. पण बाहेर रांग. पाच मिनिटं झाली की दार बडवायच्या. तीन वर्षांत मला इतकं भराभर रडायची सवय लागली की माझे वडील गेले तेव्हासुद्धा पाच मिनिटांच्या वर रडताच आलं नाही. नवरा म्हणाला, अगं थांबलीस का?"

आणि हसली. मी तोंड वासून पडले होते. बोलता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा ती घाबरली, "दुखतंय का बाई?" मी मान हलवून हो म्हटलं. दाढ तर केव्हाच बधिर झाली होती.

कड्या मीच काढल्या होत्या, साठच्या साठ. का ते तुला सांगायला हवं. मी नोकरीला लागले त्या वर्षी चौतीस नंबरमध्ये एका मुलीला ताप भरला आणि ती आतून कडी लावून बेशुद्ध पडली. दार फोडायला पंचवीस मिनिटं लागली. वाचली ती, मुलंबाळं आहेत तिला आता. पण ती पंचवीस मिनिटं मी दाराच्या बाहेर उभी होते आणि आतून कसलाच आवाज येत नव्हता. दुसऱ्या दिवशी पेचकस घेऊन मी स्वतः सगळ्या कड्या काढल्या. त्यानंतर बंद दार दिसलं की मी ते ढकलून बघतेच. हे कारण खरं आहे.

पण तुझ्या दाराचं कारण ते नव्हतं.

तुझी कडी सैल नव्हती. सुताराला मी काही सांगणार नव्हते. तुमच्या लग्नाला तीन आठवडे झाले होते, तुम्ही दोघं बाहेर गेला होतात आणि मी स्टुलावर चढून चार स्क्रू काढले. आदल्या दिवशी तुम्ही आत काहीतरी बोलून हसत होतात. खूप वेळ हसत होतात. मी बाहेर ताट मांडून बसले होते. मला वाटलं, माझ्याच घरात माझ्यासाठी एक दार बंद झालं. मला एकटं वाटलं, आणि एकटं वाटतं असं म्हणायची मला लाज वाटली. म्हणून कडी काढली. त्यानंतर मी कपडे घेऊन, चहा घेऊन, पत्रं घेऊन, काहीच नसलं तर नुसतीच आत येत राहिले. तू दाराला टेबल सरकवून बसायला लागलीस तेव्हा मी म्हटलं, टेबलामुळे फरशीवर ओरखडे पडतात.

चुकलं माझं. हे वाक्य मी आजवर कोणालाही लेखी दिलेलं नाही.

उत्तर दे असं म्हणत नाही.

तुझी सासू


१२ मार्च

सूनबाईस,

तीन आठवडे झाले. तू लिहिलं नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मीही लिहिलं नसतं. वर दोन-चार नातेवाइकांना फोन करून सगळं सांगितलं असतं. तू ते केलं नाहीस, हे माझ्या कानावर आहे.

आधी घरचं. तुझा कंप्युटर तुझ्या खोलीतून हलवून मी बाहेरच्या खोलीत माझ्या टेबलावर आणला आहे. तुझ्या खोलीत बसून खेळायला नको वाटलं. तिचं दार लोटून घेतलं आहे आणि मी आत जात नाही. धूळ बसली असेल. बसू दे.

आता अस्वल. मी सात नंबर पहिल्यापासून बांधला. आधीचे बारा पिंजरे पाडले, म्हणजे व्हरांडाच पाडला. वाईट वाटलं, फार सरळ रेषेत होता. मागच्या बाजूला एक गुहा दिली, तिचं तोंड डोंगराकडे. दोन हात उंच गवत लावलं, खरी झुडपं लावली. प्रेक्षकांना एकाच बाजूनं जागा ठेवली आणि तिथे ती काच बसवली, जिच्यातून आपल्याला आतलं दिसतं पण आतल्याला आपण दिसत नाही. ती तुमच्या यादीत कुठेतरी तळाशी आहे, शोधायला दोन दिवस लागले. माणसाला मेली महत्त्वाची गोष्ट तळाशीच का सापडते कोण जाणे.

अस्वल गेलं ते गुहेत गेलं. पहिल्या दिवशी दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी दिसलं नाही. प्रेक्षकांनी नुसता कल्ला केला, अस्वल कुठे आहे, अस्वल दाखवा, आम्ही लांबून आलो आहोत. पाट्यांवर पाट्या. मी त्यांना मोठ्यानं सांगितलं, "भेटीची वेळ संपली!" शेजारीण दारात येऊन विचारायला लागली, कोण आलंय म्हणून.

मला आत डोकावायचं होतं. फार वाटत होतं. उजवा हात डाव्या हातानं धरून बसले होते, खोटं नाही सांगत. दुपारी जेवण झालं की खुर्ची ओढायची आणि बसायचं, माउसला हात लावायचा नाही. चार दुपारी काही नाही. शेजारीण म्हणाली, "आजी, कंप्युटर अडकलाय का?" म्हटलं, नाही, मी वाट बघते आहे. तिला ते कळलं नसावं.

पाचव्या दिवशी गवत हललं. आधी नाक आलं. मग ते अख्खं बाहेर आलं, इकडे तिकडे बघितलं, तलावात जाऊन बसलं आणि पोट खाजवायला लागलं. फेऱ्या नाहीत, घाई नाही. मी काही केलं नव्हतं. नुसती तिथे नव्हते, एवढंच.

मी रडले गं. अस्वलाला आंघोळ करताना बघून रडणारी बाई तू पाहिली नसशील. पाच मिनिटांच्या वर रडले आणि कोणी दार बडवलं नाही.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं की तू यावंस म्हणून लिहीत नाही. ते साफ खोटं होतं. पहिल्या ओळीपासून त्याचसाठी लिहिते आहे. तू माझ्याशी बोलावंस असं मला फार वाटतं. परत राहायला या असं मी म्हणणार नाही, तुमचं घर तुम्हाला लखलाभ. नुसतं बोलावंस. नाही बोललीस तरी तुझं चूक म्हणणार नाही, पण मला वाईट वाटेल. रोज वाटतं.

तुझी सासू


२९ मार्च, रविवार
तुमच्या जिन्यातून

सूनबाई,

कागद दातांच्या औषधाच्या चिठ्ठीचा आहे, पाठकोरा. दुसरा पर्समध्ये नव्हता.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. "अस्वल आलं, छान झालं. रविवारी संध्याकाळी आम्ही घरी असतो." तेव्हापासून मी त्याच दोन वाक्यांचा कीस पाडते आहे. 'या' असं तू लिहिलेलं नाहीस. 'येऊ नका' असंही नाही. चिरंजीवांना फोन करून विचारलं, याचा अर्थ काय? म्हणाले, "अर्थ हाच की रविवारी आम्ही घरी असतो." देवानं याला डोकं दिलं आणि चावी द्यायला विसरला. शेवटी ठरवलं, घरी असणं हे नुसतं कळवायला कोणी पोस्टाचं तिकीट लावत नाही.

पाच वाजता आले. चिरंजीव खाली फाटकातच भेटले, पिशवी घेऊन दुकानात निघाले होते. मला म्हणतात, "ती आहे वर. तुझ्याकडे किल्ली आहे ना मी दिलेली? जा, उघड आणि बस. मी आलोच." त्यानं अडीअडचणीला म्हणून ती किल्ली मला दिली, हे तुला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. नसेल तर त्याला बोल, मला बोल, पण आज एकदाच बोलून टाक.

वर येऊन मी बेल वाजवली. एकदाच. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. मग काहीच नाही. दाराला ते भिंग आहे ना, त्यातून तुला मी दिसले असेन. मला तू दिसत नाहीस, आणि ते तसंच बरोबर आहे. माझा हात पर्समध्ये गेला होता. गेला होता, हे सांगते, लपवत नाही. सवय वाईट असते. पण आत माणूस उभं आहे, ठीक आहे आणि विचार करतं आहे, एवढं मला कळत होतं. तेवढं पुरे आहे.

म्हणून ही चिठ्ठी पायरीवर बसून लिहिते आहे; संपली की दाराखालून सरकवीन आणि तिच्याबरोबर किल्लीही. ती माझ्याकडे असायचं काही कारण नव्हतं. आता तुमच्या घरात मला तुम्हीच घेतलंत तर येता येईल.

मग दारापासून दूर होईन. पुन्हा खालच्या वळणावर पायरीवर बसेन, म्हणजे भिंगातून दिसणार नाही आणि तुला कोणी टक लावून बघतंय असं वाटणार नाही. गुडघे कुरकुर करतायत, पण ते घरीही करतातच. सात वाजेपर्यंत बसेन; चिरंजीव आले तरी त्यांच्याबरोबर आत येणार नाही. नाही उघडलंस तर चिरंजीवांच्या हातचा चहासुद्धा न घेता घरी जाईन आणि पुढच्या रविवारी पुन्हा येऊन एकदाच बेल वाजवीन.

आत्ताच वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ जिना उतरताना थांबले. "आजी, कोणाकडे आलात?" म्हटलं, सुनेकडे. "घरी नाहीत का?" म्हटलं, आहे की. "मग आत जा ना, पायरीवर कशाला बसायचं?" मी म्हटलं, "घर तिचं आहे. ती दार उघडेल तेव्हा जाईन." ते दोन पायऱ्या उतरले. मग म्हणाले, "बरं," आणि गेले.

तुझी सासू